शांततेचा मुचलका

इंग्रजी कायद्याच्या भाषेत 'बाइंड ओव्हर' असे एक क्रियापद आहे. त्यातील 'बाइंड' ह्या शब्दाचा अर्थ बांधणे. आणि 'ओव्हर' हा त्यास जोडलेला लहानसा शब्द वर, पलीकडे, पुढे अशा अनेक अर्थांचा आहे. परंतु दोन्ही शब्दांचे अर्थ वेगवेगळे शोधून एकापुढे एक मांडले, म्हणजे ह्या क्रियापदाचा अर्थ हाती येतो असे नाही. नुसते 'बांधले' म्हटले तर हातास दोरी लागली असे मनात येते. 'बाइंड ओव्हर' केलेल्या मनुष्याचे हात मोकळे असतात. तो आपल्या पायांनी कचेरीतून घरी जातो, आपले शेत नांगरतो आणि आपल्या मुलाबाळांत निजतो. बांधला जातो तो त्याचा शब्द. आणि तोही होऊन गेलेल्या गोष्टीविषयी नव्हे, तर येणाऱ्या दिवसांविषयी. मराठीत ह्यास अगदी जुळणारे एकच क्रियापद नाही. तथापि 'त्याजकडून मुचलका लिहून घेतला' असे जे आपण म्हणतो, ते त्याच्या पुष्कळ जवळ येते.

हा परक्या भाषेतला शब्द आम्ही खेड्यापाड्यांतील वाचकांपुढे का ठेवितो, असे कोणी विचारील. त्याचे कारण हे की, शब्द परका असला तरी ती गोष्ट आपल्या दारापर्यंत आलेली आहे. शेताच्या बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून किंवा निवडणुकीच्या दिवसांत दोन घरांमध्ये तेढ पडते. शिवीगाळ होते, काठ्या बाहेर निघतात. आणि मग पोलीस दोन्हीकडच्या माणसांस तहसीलदारापुढे, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे, उभे करितात. गावात ह्यास 'चॅप्टर केस' म्हणतात, आणि वडीलधारी माणसे अजून 'एकशे सात लावला' असे म्हणतात; कारण १८९८ च्या व पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे १०७ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि तीत तेच कलम १२६ वे झाले आहे. आकडा बदलला, तत्त्व बदलले नाही. आणि ते तत्त्व इंग्लंडातून आलेले आहे.

ह्या तत्त्वातून दोन प्रश्न उत्पन्न होतात, आणि ते केवळ वकिलांचे नाहीत. ज्या मनुष्याने अद्याप काही केलेले नाही, त्यास बांधून घेणे न्यायाचे आहे काय? आणि पैशाच्या भीतीने जी राखली जाते, तिला शांतता म्हणावे काय?

प्रथम ही चाल कशी निघाली ते पाहू. इ. स. १३६१ साली इंग्लंडात तिसरा एडवर्ड राजा राज्य करीत होता. फ्रान्सबरोबरचे युद्ध काही काळ थांबले होते, आणि समुद्रापलीकडे लुटालूट करण्याची सवय लागलेली माणसे घरी परतून कामधंद्यावाचून गावोगाव भटकत होती. त्यांच्यापैकी पुष्कळांवर कोणताही गुन्हा शाबीत करणे शक्य नव्हते, आणि गुन्हा होईपर्यंत वाट पाहणे तर गोरगरिबांच्या जिवावर बेतले असते. तेव्हा एक कायदा करण्यात आला, आणि ठिकठिकाणी नेमलेल्या 'शांततेच्या न्यायाधीशांस' अशा लोकांपासून चांगल्या वर्तणुकीबद्दल जामीन घेण्याचा अधिकार देण्यात आला. तो कायदा साडेसहाशे वर्षांहून अधिक जुना आहे, आणि इंग्लंड व वेल्स ह्या देशांत त्याचा अधिकार आजही चालतो. १९९४ साली तेथील विधी आयोगाने ही पद्धत बंद करावी अशी शिफारस केली, तरी ती बंद झाली नाही.

हे बंधन कसे घातले जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. न्यायाधीश एक रक्कम ठरवितो, समजा शंभर पौंड. आणि एक मुदत ठरवितो, समजा बारा महिने. मग तो मनुष्य असे कबूल करितो की, मी राजाचा इतक्या रकमेचा ऋणी आहे. त्याने मुदतभर शांतता राखली, तर ते ऋण आपोआप नाहीसे होते. मोडली, तर रक्कम वसूल होते. म्हणजे कायदा त्यास आधी ऋणी करून ठेवितो, आणि शांततेच्या एकेका दिवसाने ते ऋण फिटू देतो. मुचलका देण्याचे कोणी नाकारले, तर त्यास तुरुंगात जावे लागते.

ह्या क्रियापदाच्या उपयोगात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एक, ते बहुधा कर्मणी येते: 'तो बारा महिन्यांकरिता शंभर पौंडांवर बाइंड ओव्हर झाला', असे म्हणतात. तो दोषी ठरला, असा त्याचा अर्थ होत नाही. कारण इंग्लंडात आरोपीसच नव्हे, तर फिर्यादीस आणि साक्षीदारासही असे बांधता येते. दुसरी गोष्ट ही की, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हेच दोन शब्द वेगळ्या कामी लागतात. तेथे प्राथमिक चौकशी करणाऱ्या न्यायाधीशास पुरावा पुरेसा वाटला, म्हणजे तो आरोपीस पुढील खटल्यासाठी वरच्या न्यायालयाच्या स्वाधीन करितो, आणि त्यासही 'बाइंड ओव्हर' म्हणतात. म्हणून इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्याने बातमी कोणत्या देशाची आहे हे आधी पाहावे. नाही तर ज्याच्याकडून नुसता शब्द घेतला आहे, त्यास तो खटल्यातील आरोपी समजून बसेल.

हीच चूक आपल्या गावांतही होते. अमक्याने मुचलका दिला असे कानावर येताच लोक त्यास गुन्हेगार म्हणू लागतात; आणि मंडळीतील कोणी असला, तर त्यास पंक्तीपासून दूर ठेवावे असे बोलतात. हे न्यायाचे नाही. मुचलका म्हणजे शिक्षा नव्हे, आणि दोषाचा निवाडाही नव्हे. उलट पक्षी, ज्याच्या विरोधकास मुचलका द्यावा लागला, त्याने आपण खटला जिंकलो अशी फुशारकी मारू नये. कारण बहुधा त्याच दिवशी, त्याच मेजावर, त्याचाही अंगठा उमटलेला असतो.

आता पहिला प्रश्न. ज्याने काही केले नाही त्यास बांधावे काय? आमचे उत्तर असे की, हात उगारलेला दिसत असताना तो धरणे हे धर्माचेच काम आहे. डोके फुटल्यावर दंड करण्यापेक्षा काठी खाली ठेवावयास लावणे बरे. आणि ते मारणाऱ्याच्याही हिताचे आहे. परंतु ह्यात एक मोठा धोका आहे. गडबड होते म्हणून जो सापडेल त्यास बांधावे, असा मोह अधिकाऱ्यास होतो. आणि जो निमूटपणे बोलावण्यास येतो, तोच आधी सापडतो.

१८८२ साली इंग्लंडातील वेस्टन-सुपर-मेअर ह्या समुद्रकाठच्या गावी असेच झाले. मुक्तिफौजेचे लोक गाणी गात, वाद्ये वाजवीत रस्त्यांतून मिरवणूक काढीत. त्यांस विरोध करण्यासाठी दुसऱ्या लोकांनी 'स्केलेटन आर्मी', म्हणजे सांगाड्यांची फौज, ह्या नावाची टोळी उभी केली होती, आणि ती टोळी दंगा करी. मॅजिस्ट्रेटांनी बांधले मात्र मुक्तिफौजेच्या पुढाऱ्यांस. वरच्या न्यायालयातील फील्ड आणि केव्ह ह्या न्यायमूर्तींनी तो हुकूम रद्द केला. त्यांच्या निर्णयाचे तात्पर्य असे होते की, एखादा मनुष्य कायदेशीर कृत्य करीत असता दुसरे लोक बेकायदा दंगा करितील, एवढ्यावरून त्या कृत्यास बेकायदा म्हणता येत नाही.

परंतु ह्या निर्णयावर संतुष्ट होऊन प्रत्येक उपदेशकाने आपण निर्दोष आहो असे समजू नये. १९०२ साली लिव्हरपूल शहरातील जॉर्ज वाइज ह्या प्रॉटेस्टंट व्याख्यात्याचा खटला त्याच देशात चालला. तो रस्त्यावर सभा भरवून रोमन कॅथलिक लोकांचा पाणउतारा करी. त्यांच्या जपमाळा गळ्यात घाली आणि क्रूस हातात घेऊन हलवी. त्याने स्वतः कोणास मारले नाही. पण त्याच्या बोलण्याने लोक भडकत. त्यास मुचलका द्यावा लागला, आणि वरच्या न्यायालयाने तो कायम केला. कारण जे वर्तन मुद्दाम दुसऱ्याच्या जिव्हारी लागावे असे असते, त्याचा परिणाम आपल्यास ठाऊक नव्हता असे कर्त्यास म्हणता येत नाही.

हे दोन्ही निवाडे शेजारी ठेवून पाहिले, तर आपल्यास स्वतःची परीक्षा करण्यास एक माप मिळते. आपल्या चांगल्या कामामुळे कोणी रागावला, तर तो राग त्याचा. पण राग यावा म्हणूनच आपण बोललो असू, तर त्या रागाचा वाटा आपल्याही पदरी पडतो. शेजाऱ्याच्या दारावरून जाताना मोठ्याने खाकरणे, हा कोणत्याही संहितेत गुन्हा नाही. परंतु तो का खाकरला, हे दोघांसही ठाऊक असते.

ह्यापुढे एक अधिक कठीण गोष्ट येते. न्यायाधीशाने मागितलेला शब्द प्रत्येक वेळी द्यावाच काय? प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात यासोनाची हकीकत आहे. थेस्सलनीका येथे जमाव उठला, पौल व सीला सापडले नाहीत, म्हणून लोकांनी यासोनास ओढून अधिकाऱ्यांपुढे नेले. अधिकाऱ्यांनी त्याजपासून व इतरांपासून जामीन घेऊन त्यांस सोडिले. आणि त्याच रात्री बंधूंनी पौल व सीला ह्यांस बिरुयास पाठवून दिले. यासोनाने अपराध केला नव्हता, तरी त्याने नगरातील शांततेसाठी आपल्यास बांधून घेतले.

आता जॉन बन्यनचे उदाहरण घ्या. त्याच्या ग्रंथाचे भाषांतर १८४१ साली 'यात्रिकक्रमण' ह्या नावाने मराठीत झाले. १६६० साली बेडफर्ड परगण्यात उपदेश करीत असता त्यास धरण्यात आले. त्याच्यासाठी जामीन राहण्यास माणसे तयार होती. परंतु मॅजिस्ट्रेटाने सांगितले की, ह्याने पुन्हा उपदेश केला तर तुमची रक्कम जाईल. बन्यनने तेथेच स्पष्ट सांगितले की, मी उपदेश सोडणार नाही. तो तुरुंगात गेला, आणि थोडाथोडका काळ नव्हे, सुमारे बारा वर्षे राहिला.

एकाने मुचलका दिला, दुसऱ्याने नाकारला. आणि आम्हांस दोघेही योग्य वाटतात. कारण मागणी सारखी नव्हती. यासोनापाशी नगर शांत राहावे एवढेच मागितले होते. बन्यनपाशी त्याने आपले कर्तव्य टाकावे असे मागितले होते. जो कागद आपल्या मुठीस आवरतो, त्यावर सही करण्यास लाज नाही. जो सद्सद्विवेकबुद्धीस विकत मागतो, त्यावर सही करू नये, आणि त्याची किंमत आपणच भरावी. बन्यनने आणखी एक गोष्ट चांगली केली. जो शब्द पाळावयाचा नाही, तो त्याने दिला नाही, आणि आपल्या मित्रांच्या पैशावर आपले धैर्य दाखविले नाही. १९१३ साली लंडनमध्ये जॉर्ज लान्सबरी ह्या पुढाऱ्याचेही असेच झाले. स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने केलेल्या भाषणावरून त्याजपाशी ह्याच जुन्या कायद्याखाली जामीन मागण्यात आला. त्याने तो न देता पेंटनव्हिल तुरुंग पत्करला, आणि अन्नत्याग केल्यावर थोड्याच दिवसांत त्यास सोडण्यात आले. त्या भाषणातील सर्व गोष्टी कोणास मान्य असोत वा नसोत. खोटी सही करून घरी जाण्यापेक्षा त्याचे वर्तन अधिक प्रामाणिक होते, हे कबूल केले पाहिजे.

आणखी असे की, ज्यास बांधावयाचे त्यास कशापासून दूर राहावयाचे हे कळले पाहिजे. इंग्लंडातील दोघांनी १९९३ साली शिकारीच्या वेळी शिंग फुंकून कुत्र्यांचे लक्ष दुसरीकडे वेधले. त्यांस शंभर पौंडांवर बारा महिने चांगल्या वर्तणुकीसाठी बांधण्यात आले. १९९९ साली स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटले की, नुसती 'चांगली वर्तणूक' हे शब्द इतके मोघम आहेत की, काय केल्याने मुचलका मोडेल हे मनुष्यास समजत नाही. मंडळीच्या पंचांनी ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. भांडणाऱ्या दोघांस 'ह्यापुढे नीट वागा' असे सांगून सभा उठविणे सोपे असते. परंतु 'गुरे ह्या वाटेने न्यावी, त्या वाटेने नेऊ नये', 'पाणी सकाळी ह्याने घ्यावे, संध्याकाळी त्याने', असे नेमके ठरविले, तरच शब्द पाळता येतो.

आपल्या देशातील कायद्यानेही ह्या अधिकारास काही कुंपणे घातली आहेत, आणि ती आमच्या उपदेशकांनी लोकांस समजावून सांगावी. माहिती काय मिळाली, रक्कम किती, मुदत किती, हे दंडाधिकाऱ्याने लेखी हुकुमात नमूद करावयाचे असते, आणि हजर असलेल्या मनुष्यास तो हुकूम वाचून दाखवावयाचा असतो. शांततेसाठी १२६ व्या कलमाखाली घेतलेल्या मुचलक्याची मुदत एक वर्षाहून अधिक नसते. रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी, ती डोईजड असू नये. चौकशीत मुचलक्याची गरज शाबीत झाली नाही, तर त्या मनुष्यास मोकळे करावयाचे असते. १९७० साली मधू लिमये ह्यांच्या मुंगेर येथील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ही कलमे राज्यघटनेस धरून आहेत असे ठरविले. परंतु चौकशीस आरंभ केल्यावाचून तात्पुरता मुचलका मागता येत नाही, असेही सांगितले. म्हणून भीतीने किंवा लवकर घरी जावे ह्या घाईने कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. कागद वाचून घ्यावा, आणि वाचता येत नसल्यास भरवशाच्या मनुष्याकडून वाचवून घ्यावा.

जामीन राहणाऱ्याविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. नीतिसूत्रांत दुसऱ्यासाठी जामीन होण्याविषयी अनेक ठिकाणी सावध केले आहे, आणि त्याचा आधार घेऊन कित्येक सुस्थितीतले बंधू गरिबाच्या वेळी पाठ फिरवितात. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदा आपल्या धाकट्या भावासाठी बापापाशी जामीन राहिला, हेही आपण वाचतो. उतावळेपणाने, मैत्रीच्या भरात किंवा मोठेपणासाठी जामीन होणे हे मूर्खपणाचे. विचार करून, माणूस पाहून, त्याचा भार उचलणे हे प्रीतीचे. आणि एकदा जामीन झाल्यावर केवळ रकमेची चिंता करीत बसू नये. ज्याची हमी आपण दिली, त्याच्या दारी जाण्याचा आपल्यास हक्क मिळाला आहे. तो संतापलेला दिसला, तर त्याच रात्री त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे.

आता दुसरा प्रश्न राहिला. भीतीने राखलेली शांतता खरी आहे काय? आमच्या मते ती अर्धी खरी आहे. मुचलका मनुष्याचे अंतःकरण बदलू शकत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. ज्या दोन घरांनी वर्षभर केवळ रकमेच्या धाकाने एकमेकांस हात लावला नाही, ती मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा काठ्या काढतील. तथापि त्या वर्षास कमी लेखू नये. ज्या आईचा मुलगा त्या वर्षात मारला गेला नाही, तिला विचारा. कायद्याने एक वस्तू खचित दिली, आणि ती म्हणजे अवकाश. रागाच्या दिवशी जे बोलता येत नाही, ते बोलण्यास त्याने बारा महिने दिले. त्या बारा महिन्यांत काय करावयाचे, हे कोणताही दंडाधिकारी सांगत नाही. ते काम त्याचे नव्हे.

ते काम शेजाऱ्यांचे, पंचांचे आणि मंडळीचे आहे. आमचा अनुभव असा की, चॅप्टर केस झाली म्हणजे सर्वजण सुटकेचा श्वास सोडतात आणि गप्प बसतात, जणू काय तंटा मिटला. वस्तुतः तंटा तेव्हा फक्त थांबलेला असतो. म्हणून ज्या गावी दोन घरांनी मुचलके दिले असतील, तेथील उपदेशकाने मुदतीची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी. पहिल्या महिन्यात दोन्ही घरी निरनिराळे जावे आणि केवळ ऐकावे. पुढे भूमिअभिलेख कार्यालयाकडून बांधाची मोजणी करवून घ्यावी, म्हणजे भांडणाचे मूळच उरणार नाही. कोणाचे नुकसान झाले असेल तर ते भरून देण्याविषयी बोलावे. एका घरी आजार किंवा मृत्यू आला, तर दुसऱ्या घरच्यांनी तेथे जावे म्हणून त्यांच्याबरोबर स्वतः चालावे. असे करता करता मुदत संपण्यापूर्वी दोघांस एका ठिकाणी बसवावे. आणि जो शब्द त्यांनी कचेरीत भीतीने दिला होता, तोच शब्द आता एकमेकांकडे पाहून, कोणाचीही जबरदस्ती नसताना, त्यांनी द्यावा. त्या शब्दास तिकीट नको, रक्कम नको, आणि मुदतही नको.